व्हीपीएन नेमकं कुठे अडलं, तेवढं सांगा! आयटी विभागाला खुले पत्र

आयटी विभागातल्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र आमच्या कंपनीच्या आयटी विभागाला लिहिलंय, पण मुद्दाम उघडं ठेवलंय. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कवर नेणारी सुरक्षित जोडणी, वापरून घरून किंवा प्रवासातून आत जाणारा कुणीही आणि त्याचे फोन घेणारा कुठलाही मदतकक्ष यात स्वतःला ओळखेल, अशी खात्री आहे.

तक्रार तुमच्या ठरलेल्या उत्तराबद्दल आहे. ‘व्हीपीएन लागत नाही’ असं कुणी कळवलं की तुमच्याकडून तीन ओळी येतात: इंटरनेट तपासा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, क्लायंट (व्हीपीएनचं ॲप) काढून पुन्हा टाका. आजार कुठलाही असो, औषध हेच. कधी कधी ते लागूही पडतं. लॅपटॉप दिवसचे दिवस नुसतं झाकण मिटून ठेवला की व्हीपीएनचा आभासी अडॅप्टर (सॉफ्टवेअरमधलं नेटवर्क कार्ड) अडकून बसतो आणि रीस्टार्टने सुटतो. पण बरं वाटलं तर ते कशाने, हे तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही नाही. नाहीच वाटलं तर तक्रारीच्या तिकिटावर ‘वापरकर्त्याच्या इंटरनेटची अडचण’ असा शेरा मारला जातो आणि तिकीट बंद. दोन दिवसांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मागणी साधी आहे. जोडणी कुठल्या टप्प्यावर अडली, ते आधी विचारा, मग शोधा आणि शेवटी आम्हालाही सांगा.

आम्हाला बटण एकच दिसतं, पण ते दाबल्यावर बरंच काही ओळीने घडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी सांगते, कारण हे पत्र तुमच्याशिवाय इतरही वाचणार आहेत. आधी गेटवेच्या, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावरच्या यंत्राच्या, नावावरून डीएनएस (नावांचे आकडी पत्ते सांगणारी सेवा) त्याचा पत्ता काढून देतो. त्या पत्त्यावर, ठरलेल्या पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) पॅकेट (डेटाची छोटी पुडकी) पोचावी लागतात. गेटवे आपलं डिजिटल ओळखपत्र, म्हणजे प्रमाणपत्र, दाखवतो आणि लॅपटॉप ते पडताळतो. मग आमचं नाव, पासवर्ड, मोबाइलवरची मंजुरी. ते पटलं की लॅपटॉपला आतला पत्ता मिळतो, कुठली वाहतूक बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेने, न्यायची त्याचे राउट (वाटांचे नियम) लिहिले जातात, आतल्या नावांसाठी आतला डीएनएस नेमला जातो. एवढं झाल्यावर हिरवी खूण दिसते. यातलं काहीही बिघडलं तरी आमच्या तोंडून वाक्य एकच निघतं, ‘व्हीपीएन लागत नाही’. आमच्याकडे दुसरे शब्दच नाहीत. तुमच्याकडे आहेत, आणि तरी तुम्हीही तेच वाक्य तिकिटावर लिहून पुढे ढकलता, हे मात्र पटत नाही.

विंडोजच्या अंगच्या व्हीपीएनमध्ये निदान आकडा तरी येतो. ८६८ आला तर गेटवेच्या नावाचा पत्ताच सापडलेला नाही. पासवर्डचा इथे काही संबंध नाही. ८०९ आला तर पत्ता मिळाला, पण पलीकडून उत्तर नाही. बहुतेक वेळा वाटेतला राउटर किंवा फायरवॉल यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) ५०० आणि ४५०० ही पोर्टं अडवत असतो. ६९१ आला तर गेटवेपर्यंत सगळं ठीक पोचलं, तिथे नाव-पासवर्ड नाकारला गेला किंवा ओळख पटवण्याची ती पद्धतच तिथे चालत नाही. १३८०१ म्हणजे आयकेई (बोगद्याच्या किल्ल्या ठरवण्याच्या) पातळीवर ओळख पटली नाही, आणि त्याचं मूळ बहुधा प्रमाणपत्रात असतं: मुदत संपलेली, मूळ प्रमाणपत्र लॅपटॉपवर नसलेलं, किंवा नाव न जुळणारं. चार आकडे, चार वेगळ्या दिशा. ६९१ आलेल्या माणसाला ‘राउटर बंद करून चालू करा’ सांगणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

काही क्लायंट मात्र ताकास तूर लागू देत नाहीत. ‘जोडणी होऊ शकली नाही. प्रशासकाशी संपर्क साधा.’ बस्स. नाव चुकलं की पासवर्ड, हे बाहेरच्याला कळू नये म्हणून संदेश मोघम ठेवतात, इथपर्यंत समजू शकते. पण नाव सापडलं नाही, पोर्ट बंद आहे, प्रमाणपत्र शिळं आहे, हे लपवून कुणाचं संरक्षण होतं? बरं, ही माहिती लॅपटॉपवर असतेच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन’ लॉग उघडून ‘रासक्लायंट’ या नावाच्या नोंदी पाहिल्या की २०२२७ क्रमांकाच्या नोंदीत अपयशाचा आकडा दिलेला असतो. स्वतंत्र क्लायंट असेल तर त्याचा स्वतःचा लॉग असतो. आमच्यापैकी कितीजणांना हे तुम्ही कधी दाखवलं? आणि ‘काढून पुन्हा टाका’ हा सल्ला पहिल्याच फोनवर दिला की क्लायंटबरोबर बऱ्याचदा तो लॉगही जातो. म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच पुरावा साफ. पुन्हा टाकायचं तर टाकूच, पण आधी लॉग मागून घ्या.

दुसरा सोपा प्रश्न तुम्ही क्वचितच विचारता: मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लागतं का? एवढ्या एका प्रश्नाने निम्मं रान मोकळं होतं. हॉटस्पॉटवर लागत असेल तर लॅपटॉप, खातं आणि गेटवे तिघेही ठीक असण्याची शक्यता दांडगी. गडबड घरच्या राउटरमध्ये किंवा त्या इंटरनेट पुरवठादाराच्या वाटेत. तिथेही लागत नसेल तर घरच्या वाय-फायला उगाच बोल लावू नये. कसोटी अगदी शंभर टक्के नाही हे जाणते. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे खूप ग्राहक बसवतात, काही ठिकाणी आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवरून भाषांतर करून जुनी आयपीव्ही४ देतात, त्यामुळे एखादं जुन्या पद्धतीचं व्हीपीएन तिथेच रुसतं. तरी सुरुवातीला याहून स्वस्त तपासणी नाही.

आता खरी रडकथा. हिरवी खूण आली, ‘कनेक्टेड’ लिहून आलं आणि उघडत मात्र काहीच नाही. याबद्दल तिकीट टाकलं की तुमचं उत्तर: ‘आमच्याकडे तुम्ही कनेक्टेड दिसताय.’ दिसणारच. तीच तर तक्रार आहे.

याची तीन कारणं मी आसपासच्या लोकांच्या लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. माझं काम हिशेबाचं, संगणकाचं नाही. पण आमच्या मजल्यावर कुणाचं व्हीपीएन अडलं की तुमच्याआधी मला फोन येतो, त्यामुळे हे शिकावं लागलं.

पहिलं कारण पत्त्यांची टक्कर. खासगी नेटवर्कसाठी १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा आणि १९२.१६८ चा. घरोघरचे राउटर कारखान्यातून येतानाच १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x लावून येतात. आता ऑफिसच्या फाइल सर्व्हरचा पत्ताही १९२.१६८.१.२० असेल, तर लॅपटॉपच्या दृष्टीने तो सर्व्हर घरातच, शेजारच्या खोलीत आहे. तो बोगद्याकडे वळतच नाही. घरातल्या घरात हाक मारत बसतो, आणि त्या पत्त्याचं घरात कुणी नसतं. कमांड प्रॉम्प्टवर ‘राउट प्रिंट’ दिलं की एकाच पट्ट्याच्या दोन नोंदी दिसतात आणि कोडं सुटतं. यावर ‘घरच्या राउटरचा पट्टा बदला’ असं तुम्ही सांगता. घरी बदलू हो. पण हॉटेलचा, विमानतळाचा, ग्राहकाच्या कार्यालयातला राउटर आम्ही कसा बदलणार? दहाच्या पट्ट्यात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. त्यातला एखादा आडवळणाचा तुकडा ऑफिसच्या सर्व्हरसाठी घेतला असता, तर ही टक्कर क्वचितच झाली असती. जुनं नेटवर्क उलथंपालथं करणं सोपं नाही, कळतं. निदान नवे सर्व्हर तरी त्या गर्दीच्या पट्ट्यात ठेवू नका.

दुसरं कारण नावांचं. सर्व्हरचा आकडी पत्ता टाकला तर पान उघडतं, नाव टाकलं तर नाही. म्हणजे बोगदा शाबूत आहे, आतल्या डीएनएसपर्यंत प्रश्न पोचत नाहीये. लॅपटॉप आतल्या सर्व्हरचं नाव घरच्या राउटरला विचारतोय, त्याने ते बापजन्मात ऐकलेलं नाही. कधी ब्राउझरमधला ‘सुरक्षित डीएनएस’ चालू असतो आणि तो यंत्रणेला वळसा घालून थेट बाहेर विचारतो. कधी नुसतं छोटं नाव टाकलेलं असतं आणि पुढे जोडायचं डोमेन (कंपनीच्या नावाचा भाग) क्लायंटने लावलेलंच नसतं. पूर्ण नाव टाकलं की उघडतं. इथे तुमच्या एका सवयीबद्दल बोलायलाच हवं. फोनवरचा मुलगा लगेच ‘एनएसलुकअप’ चालवायला लावतो आणि त्याच्या उत्तरावर निकाल देतो. एनएसलुकअप थेट एका डीएनएस सर्व्हरला विचारतो. कुठल्या नावासाठी कुठला डीएनएस वापरायचा, याचे विंडोजमधले नियम तो पाळत नाही. त्यामुळे तो ‘नाव सापडत नाही’ म्हणतो आणि तेच पान ब्राउझरमध्ये बिनबोभाट उघडतं, उलटही घडतं. पॉवरशेलमधलं ‘रिझॉल्व्ह-डीएनएसनेम’ विंडोजच्या नियमांतून जातं. तपासायचं तर त्याने तपासा.

तिसरं कारण सगळ्यांत छळतं, कारण ते अर्धवट चालतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई घरून काम करत होत्या. व्हीपीएन लागायचं. पोर्टलचं लॉगिनचं पान उघडायचं. लहान मजकुराची मेल जायची. पण खातेवहीची मोठी फाइल उघडायला गेलं की गोल फिरत राहायचं, आणि वैताग येऊन बंद करेपर्यंत फिरतच राहायचं. तुमच्याकडून उत्तर आलं, ‘वेग कमी आहे, पुरवठादाराशी बोला.’ वेग मोजला तर उत्तम. पुरवठादार म्हणाला, आमच्याकडून सगळं ठीक. बाई बिचाऱ्या दोन्हीकडून टोलवल्या गेल्या.

झालं होतं ते असं. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी साधारण १५०० बाइट. घरचं कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं असेल तर त्यातले ८ आधीच गेले, उरले १४९२. व्हीपीएन आमचं पॅकेट आणखी एका लिफाफ्यात घालतं, आणि त्या लिफाफ्यालाही जागा लागते. आयपीव्ही४ वर वायरगार्ड पद्धतीच्या व्हीपीएनचा लिफाफा ६० बाइटचा, आयपीसेक पद्धतीचा निवडलेल्या कूटपद्धतीप्रमाणे कमीजास्त. लिफाफ्यासकट पॅकेट वाटेतल्या एखाद्या दुव्याला मोठं झालं आणि त्यावर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण असली, तर तिथला राउटर ते टाकून देतो आणि ‘लहान करून पाठवा’ असा निरोप आयसीएमपी या यंत्रांच्या आपसातल्या निरोप-पद्धतीने उलट धाडतो. हा निरोप मिळाला तर लॅपटॉप शहाण्यासारखा लहान पॅकेट पाठवू लागतो. पण कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ सगळंच आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं. मग निरोप पोचत नाही, मोठी पॅकेट हरवत राहतात, लहान आरामात जातात. लॉगिनचं पान येतं, फाइल येत नाही.

तपासायला काही मोठी विद्या लागत नाही. विंडोजवर पिंग या तपासणीच्या आज्ञेला ‘-एफ’ म्हणजे तुकडे नकोत, आणि ‘-एल’ म्हणजे लांबी, असे दोन पर्याय देता येतात. लांबी १४७२ दिली की शीर्षकांचे २८ धरून बरोबर १५०० होतात. बाईंच्या लॅपटॉपवरून आतल्या सर्व्हरला असंच पिंग करत लांबी बदलत गेलो. अगदी मोठ्या लांबीला ‘तुकडे करावे लागतील’ असं उत्तर लगेच आलं. ते चांगलंच, लॅपटॉपला आपली मर्यादा ठाऊक आहे. लहान लांबीला सरळ उत्तरं आली. आणि मधल्या एका पट्ट्यात काहीच नाही, ना उत्तर, ना नकार, नुसती वेळ संपली. तोच खड्डा. त्यांच्या व्हीपीएन अडॅप्टरचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) त्या पट्ट्याच्या खाली आणला आणि खातेवही उघडली. ॲडमिन अधिकाराशिवाय हे करता येत नाही, म्हणून तुमच्यातलाच एक भला माणूस मध्यस्थ म्हणून पकडला होता. त्याचं नाव सांगत नाही.

पण हे एकेका लॅपटॉपवर करत बसण्याचं काम नव्हे. गेटवेवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल लांबी) कमी करून द्यायची सोय असते. एकदा लावली की सगळ्यांच्या फाइल सुरळीत येतील. आणि आयसीएमपीतला तो एक निरोप तरी फायरवॉलमधून सोडा. सरसकट बंद करून सुरक्षा वाढत नाही, तिकिटं वाढतात.

आता पासवर्ड. ठरावीक दिवसांनी तो बदलायला लावता. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावावा. हा वाद आज बाजूला ठेवते. त्रास वेगळाच आहे. घरी बसलेल्या माणसाच्या पासवर्डची मुदत संपते. व्हीपीएन त्याला आत घेत नाही. पासवर्ड बदलायचं पान आतल्या नेटवर्कवर. आत जायला व्हीपीएन हवं. फोन बदलला तरी तेच: मंजुरीचं ॲप नव्या फोनवर नोंदवायचं पान आत. आणि कळस म्हणजे ‘व्हीपीएन लागत नसल्यास काय करावे’ ही तुमची माहितीपुस्तिका, तीही इंट्रानेटवर. तक्रारीचं तिकीट टाकायचं पोर्टलही आतच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पासवर्ड कसाबसा बदलला तरी गोंधळ संपत नाही. ऑफिसच्या डोमेनशी (खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरशी) भेट होईपर्यंत विंडोज जुन्या साठवलेल्या पासवर्डवरच लॅपटॉप उघडू देतं, त्यामुळे लॅपटॉपला जुना आणि व्हीपीएनला नवा, असे दोन पासवर्ड एकाच वेळी चालू असतात. माणूस गोंधळतो, दोन्हीकडे दोन्ही टाकून बघतो, खातं लॉक होतं. शिवाय फोनवरचं मेल ॲप आणि जोडून ठेवलेला एखादा ड्राइव्ह मागच्या मागे जुना पासवर्ड मारत असतातच. उपाय दोन वाक्यांचा आहे: नव्या पासवर्डने व्हीपीएन लावा, मग विंडोज की आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. पासवर्ड बदलल्याची जी मेल आपोआप येते, तिच्यात ही दोन वाक्यं घाला. फुकट आहे.

घड्याळाचंही तसंच. मोबाइलवरचा सहा आकडी कोड बहुतेक ॲपमध्ये ३० सेकंदांनी बदलतो. तिथे फोनचं घड्याळ बरोबर हवं. लॅपटॉपचं घड्याळ भरकटलं तर प्रमाणपत्राची मुदत चुकीची ठरते, आणि कर्बेरॉस (विंडोज नेटवर्कवरची ओळख पटवण्याची पद्धत) तर नेहमीच्या मांडणीत ५ मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. दोन घड्याळं, दोन वेगळे बिघाड. तुमच्या पुस्तिकेत ‘वेळ तपासा’ एवढंच लिहिलंय. कुणाची?

आणि दोष प्रत्येक वेळी आमच्या बाजूलाच असतो असंही नाही. जानेवारी २०२२ आठवा. ११ तारखेला आलेल्या विंडोज अपडेटने, विंडोज १० साठी केबी५००९५४३ ने, एल२टीपी आणि आयकेई पद्धतीची व्हीपीएन कितीतरी ठिकाणी मोडली. मायक्रोसॉफ्टला १७ तारखेला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती काढावी लागली. मधल्या दिवसांत ज्याने कुणी राउटर रीसेट केला असेल, त्याने ते व्यर्थ केलं. गेटवेवरच्या पत्त्यांच्या साठ्याचंही असंच होतं. २५४ पत्त्यांचा पट्टा ठेवलेला असतो, सोमवारी सकाळी सगळे एकदम आत येतात, शुक्रवारची काही सत्रं अजून सुटलेली नसतात, आणि शेवटी येणाऱ्याला पासवर्ड बरोबर असूनही पत्ता मिळत नाही. अकरा वाजता त्याचं आपोआप लागतं, कारण कुणीतरी बाहेर पडलेलं असतं. तिकिटावर शेरा: ‘रीस्टार्टनंतर सुटले.’

तुमच्या बाजूचं ओझं मला दिसत नाही असं समजू नका. २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या अमेरिकेतल्या इंधनवाहिनी कंपनीत हल्लेखोर शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून, ज्यावर फक्त पासवर्ड होता. जानेवारी २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने सरकारी खात्यांना इवान्टी कंपनीची व्हीपीएन उपकरणं दोन दिवसांत नेटवर्कवरून काढायला सांगितली. गेटवे सताड इंटरनेटच्या तोंडावर उभा असतो, त्याची राखण करणं खायचं काम नाही. म्हणून मोबाइलवरची मंजुरी काढून टाका, तपासण्या सैल करा, असं काही मी मागत नाही.

उलट म्हणते, आहे ती जोडणी नीट टिकवा, कारण सुरक्षा तिथेच गळते. घरचा राउटर शांत पडलेली यूडीपी जोडणी थोड्या वेळात विसरतो. मधूनमधून जागता संदेश गेला नाही की बोगदा तुटतो. वायरगार्डमध्ये त्यासाठी २५ सेकंदांचा अंतराल सुचवलेला असतो, इतरांतही तशी सोय असते. ती नसली की चहा पिऊन येईपर्यंत व्हीपीएन तुटलेलं, आणि क्लायंट आपणहून पुन्हा जोडायला जातो तसा फोनवर ‘मंजूर करा’चा संदेश. दिवसभर असे संदेश आले की माणूस न वाचता अंगठा दाबू लागतो. २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराने याच सवयीचा फायदा घेतला; एका कंत्राटी कर्मचाऱ्याला मंजुरीच्या मागण्या पाठवत राहिला, त्याने शेवटी एक स्वीकारली. प्रशिक्षणाच्या चित्रफितीत ‘अनोळखी मागणी मंजूर करू नका’ सांगता आणि यंत्रणेकडून दिवसभर उलटी सवय लावता.

तसंच ‘तात्पुरता अँटिव्हायरस बंद करा, फायरवॉल बंद करा’ हे फोनवर सांगणं थांबवा. तो पुन्हा चालू करायचा निरोप कधीच येत नाही. आणि लॅपटॉपचा ताबा दुरून घ्यायच्या आधी, फोनवर तुम्हीच आहात हे आम्ही ओळखायचं कसं, तेही कळवा. आज कुणीही ‘आयटीतून बोलतोय’ म्हणालं की आम्ही कोड वाचून दाखवतो, अशी परिस्थिती आहे.

आमच्या लोकांनाही चार शब्द. तिकिटात नुसतं ‘अर्जंट! व्हीपीएन बंद!’ लिहून काही होत नाही. किती वाजता अडलं ते मिनिटासकट लिहा, म्हणजे गेटवेच्या लॉगमध्ये ते शोधता येतं. कुठल्या नेटवर्कवर होता, हॉटस्पॉटवर काय झालं, आकडा किंवा संदेश काय आला, हिरवी खूण आली होती का, ते लिहा. हॉटेलात असाल तर आधी ब्राउझर उघडून तिथलं वाय-फायचं लॉगिन पान आलंय का पाहा. ते भरल्याशिवाय बाहेरची वाटच उघडत नाही. काही क्लायंट व्हीपीएन लागेपर्यंत बाकी सगळं अडवून धरतात, मग ते पानही येत नाही आणि व्हीपीएनही लागत नाही. तेव्हा निमूटपणे हॉटस्पॉट चालू करावा.

तर माझ्या मागण्या. व्हीपीएनशिवाय उघडेल असं एक साधं पान बाहेर ठेवा: त्यावर गेटवे चालू आहे की बंद, पासवर्ड बदलायची आणि फोन नोंदवायची वाट, तिकीट टाकायची सोय आणि खात्रीचा फोन क्रमांक. तिकिटाच्या नमुन्यात ‘कुठे अडलं’ असा रकाना घाला आणि तो भरल्याशिवाय तिकीट ‘वापरकर्त्याच्या इंटरनेटची अडचण’ म्हणून बंद करता येऊ नये. एमएसएसचा बदल नेटवर्कच्या मंडळींनी या महिन्यात करावा. तो करण्याआधी दिवस आणि वेळ कळवा. वेगवेगळ्या पुरवठादारांवर असलेले आम्ही काहीजण त्या वेळी घरून बसू, तीच मोठी फाइल उघडून बघू आणि कुणाच्या वाटेवर काय झालं ते लांबीच्या आकड्यांसकट तुम्हाला लिहून देऊ. त्या बाईही आहेत यादीत.

आपली,
हिशेब विभागातली एक कर्मचारी